फर्ग्युसनच्या पावत्या

४ मार्च २०१५ रोजी अमेरिकेच्या केंद्रीय न्याय खात्याने एकाच दिवशी दोन अहवाल बाहेर काढले. दोन्ही मिझुरी राज्यातल्या फर्ग्युसन या गावाबद्दलचे. (पुण्याच्या कॉलेजाशी या गावाचा काही संबंध नाही.) गाव सेंट लुईस शहराला खेटून, वस्ती एकवीस हजारांच्या आसपास. पहिल्या अहवालाचा विषय होता डॅरन विल्सन हा गोरा पोलीस. ९ ऑगस्ट २०१४ च्या दुपारी त्याने मायकल ब्राउन या अठरा वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला भर रस्त्यात गोळ्या घातल्या होत्या. अहवाल म्हणाला, पुरावा पाहता विल्सनवर खटला उभा राहत नाही. दुसऱ्या अहवालाचा विषय होता गावाचे पोलीस खाते आणि नगरपालिकेचे कोर्ट. तो म्हणाला, इथले पोलीस लोकांच्या रक्षणापेक्षा नगरपालिकेच्या तिजोरीसाठी राबतात, त्यात राज्यघटना पायदळी तुडवली जाते आणि त्याची सर्वांत जास्त झळ काळ्यांना बसते.

खाते एक, तारीख एक. तरी वंश, पोलीस आणि वैयक्तिक जबाबदारी यांवर अमेरिकेत तेव्हापासून जो वाद पेटलेला आहे, त्यात बहुतेकांनी आपल्या सोयीचा एकच अहवाल उचलला. ‘पोलीस निर्दोष ठरला, आता आपली पोरे सांभाळा’ म्हणणारे पहिला नाचवतात. ‘सगळी व्यवस्थाच सडलेली आहे’ म्हणणारे दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून वाचले की मला वेगळेच काही दिसते. वैयक्तिक जबाबदारीचे तत्त्व जो मनापासून मानतो, त्याने फर्ग्युसनच्या पोलिसांवर सगळ्यांच्या आधी संतापायला हवे होते. ते तत्त्व पोलिसांच्या बाजूने वापरले जाते ही या वादातली सर्वांत मोठी लबाडी आहे.

आधी ब्राउनच्या मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या बाजूला न रुचणारी गोष्ट सांगून टाकतो. ब्राउन हात वर करून शरण आला होता, तरी त्याला मारले, ही कथा काही तासांत देशभर गेली. ‘हात वर आहेत, गोळी घालू नका’ ही घोषणा झाली. सेंट लुईसच्या फुटबॉल संघाचे काही खेळाडू हात वर करून मैदानात उतरले, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, सभागृहात काही सदस्यांनी बोलताना हात वर केले. न्याय खात्याने एकेक साक्ष तपासली तेव्हा ही कथा टिकली नाही. तसे सांगणाऱ्यांपैकी काहींनी नंतर जबानी फिरवली, काहींचे सांगणे शवविच्छेदनाशी आणि जागेवरच्या पुराव्याशी जुळेना. विल्सनच्या गाडीच्या आत आणि त्याच्या कपड्यांवर ब्राउनचा डीएनए सापडला; म्हणजे गाडीच्या खिडकीपाशी झटापट झाली, हे विल्सनचे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. पाठीतून गोळी शिरलेली नव्हती. त्याआधी काही मिनिटे ब्राउनने एका दुकानातून चिरुटांची पाकिटे उचलली आणि अडवणाऱ्याला ढकलले, हे दुकानाच्या कॅमेऱ्यात होते.

हा निष्कर्ष काढणारे खाते ओबामांच्या सरकारचे होते आणि त्याचे प्रमुख एरिक होल्डर होते, अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय ॲटर्नी जनरल. त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करायला फार कल्पकता लागेल. आंदोलनाने ती घोषणा त्याच दिवशी गुंडाळायला हवी होती. ती गुंडाळली नाही, आणि ‘यांचे सगळेच खोटे’ म्हणणाऱ्यांच्या हातात आयते हत्यार पडले.

पण मग गाव एवढे भडकले कशाने? मृतदेह चार तास ऑगस्टच्या उन्हात रस्त्यावर पडून होता, घरादारांसमोर, हे एक कारण. दुसरे कारण शोधायला विल्सन आणि ब्राउन यांची भेट कशी सुरू झाली ते पाहावे लागते. विल्सनने त्याला आणि त्याच्या मित्राला प्रथम हटकले ते चोरीसाठी नव्हे. दोघे रस्त्याच्या मधून चालले होते, म्हणून. रस्त्यावरून चुकीच्या पद्धतीने चालणे हा फर्ग्युसनमध्ये नोंदवला जाणारा गुन्हा होता, आणि ज्यांच्यावर तो नोंदवला गेला त्यांत ९५ टक्के काळे होते.

इथून दुसरा अहवाल सुरू होतो, आणि खरे तर विषयही इथूनच सुरू होतो.

फर्ग्युसन १९९० मध्ये तीन-चतुर्थांश गोरे गाव होते; २०१० पर्यंत ते दोन-तृतीयांश काळे झाले. पोलीस खात्यात मात्र ५४ अधिकाऱ्यांपैकी काळे चार. २०१२ ते २०१४ या काळात थांबवलेल्या वाहनचालकांत ८५ टक्के काळे, पावत्या फाडलेल्यांत ९० टक्के, अटक झालेल्यांत ९३ टक्के. यावर नेहमीचे उत्तर तयार असते: गुन्हे जास्त करतात म्हणून जास्त सापडतात. त्याला अहवालात एका आकड्याने उत्तर आहे. गाडी थांबवल्यावर काळ्या चालकाची झडती घेतली जाण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा दुपटीहून जास्त होती, आणि अशा झडतीत बेकायदा वस्तू सापडण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी. संशय पुराव्यामागे चालत असता तर हे प्रमाण निदान बरोबरीचे निघाले असते.

यामागे हिशेब होता. अक्षरशः हिशेब. मार्च २०१० मध्ये गावाच्या वित्त अधिकाऱ्याने पोलीस प्रमुखाला लिहिले की विक्रीकरात मोठी तूट येते आहे, वर्ष संपायच्या आत पावत्या चांगल्याच वाढल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणे कठीण जाईल. हे पत्र लपूनछपून लिहिलेले नाही; कचेरीतल्या नेहमीच्या सुरात लिहिलेले आहे, त्यामुळेच ते वाचताना अंगावर येते. त्या वर्षी दंड आणि शुल्कांतून गावाला सुमारे १३ लाख ८० हजार डॉलर मिळाले होते. २०१५ च्या अंदाजपत्रकात तीच रक्कम ३० लाख ९० हजार धरली होती, एकूण १ कोटी ३२ लाखांच्या महसुलात. मिझुरीत कर वाढवायचा तर मतदारांना विचारावे लागते. पावती फाडायला कोणालाच विचारावे लागत नाही. सेंट लुईस काउंटीत अशी नव्वदेक चिमुकली नगरे आहेत, बहुतेकांचे स्वतःचे कोर्ट, आणि त्यांतली बरीच याच मार्गाला लागलेली.

दंड कशाचा? अंगणातले गवत वाढले म्हणून ७७ ते १०२ डॉलर. शेजारच्या एका नगरात याच गुन्ह्याला पाच डॉलर पुरत होते. दंड भरला नाही की तारीख, तारखेला हजर नाही की नवा गुन्हा, नव्या गुन्ह्याचा नवा दंड आणि सोबत अटक वॉरंट. २०१३ या एका वर्षात या कोर्टाने ९,००० हून जास्त वॉरंटे काढली. डिसेंबर २०१४ मध्ये १६,००० हून जास्त माणसांवर वॉरंट होते. सगळी गावातली नव्हेत, पण एकवीस हजारांच्या गावाचे कोर्ट आहे हे लक्षात घेऊन आकडा वाचावा.

अहवालात एका कृष्णवर्णीय बाईची हकीकत आहे. २००७ मध्ये तिने एकदा गाडी चुकीच्या जागी लावली. दोन पावत्या झाल्या, १५१ डॉलर दंड, वर शुल्क. पैशांची ओढाताण होती, मधल्या काळात राहायला घरही नव्हते. काही तारखा चुकल्या, काही हप्ते चुकले. पुढच्या सात वर्षांत हजर न राहण्याचे सात गुन्हे तिच्या नावावर चढले, दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत काढले आणि एकूण ५५० डॉलर कोर्टात भरले. डिसेंबर २०१४ मध्ये तिच्याकडे अजून ५४१ डॉलर बाकी होती. अधूनमधून तिने एकदा २५ आणि एकदा ५० डॉलर भरायचा प्रयत्न केला. कोर्टाने पैसे परत पाठवले. अर्धवट रक्कम चालत नाही, म्हणाले.

आता अहवालातली ती नोंद, जिच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. काळ्यांनाच एवढे दंड आणि एवढी वॉरंटे का, असे तपास करणाऱ्यांनी विचारले तेव्हा गावच्या अनेक अधिकाऱ्यांनी एकच उत्तर दिले: समाजातल्या काही घटकांत वैयक्तिक जबाबदारीची जाणीवच नाही.

पंचवीस डॉलर घेऊन कोर्टाच्या खिडकीशी जाणाऱ्या बाईबद्दल हे बोलले गेले. आणि बोलणारे कोण? ऑक्टोबर २०१३ मध्ये फर्ग्युसनच्या कोर्टाचे न्यायाधीश रोनाल्ड ब्रॉकमायर यांना शेजारच्या हेझलवुडमध्ये लाल दिवा ओलांडल्याची पावती आली. त्यांनी फर्ग्युसनच्या सरकारी वकिलाला ईमेल केले की ही पावती रद्द झाली तर बरे होईल. हा वकील हेझलवुडचाही सरकारी वकील होता. त्याने कळवले, काम झाले, एखादी नोटीस चुकून आलीच तर दुर्लक्ष करा. त्याच वर्षी एका पोलीस अधिकाऱ्याने नातेवाइकाची भरधाव गाडीची पावती अशीच मिटवून घेतली. यांत कोणी वाईट राक्षस नाही. आपल्याकडेही ‘साहेबांना फोन लावतो’ म्हणणारी माणसे अशीच हसतमुख असतात. फरक इतकाच की यांतल्या कोणावर हजर न राहण्याचा गुन्हा चढला नाही, आणि यांच्यापैकी कोणी आपल्या घटकाला जबाबदारीची जाणीव नाही असे म्हटले नाही.

ब्रॉकमायर लोकांचे म्हणणे नीट ऐकून घेत नाहीत म्हणून त्यांना पुन्हा नेमू नये, असे एका नगरसेवकाने २०१२ मध्ये सुचवले होते. तेव्हा गावाच्या प्रशासकाचे उत्तर असे होते की कोर्टाच्या कार्यक्षमतेत किंवा दंडाच्या वसुलीत घट गावाला परवडणार नाही. न्यायाधीश कसा, तर वसुली चांगली करणारा.

वैयक्तिक जबाबदारीच्या तत्त्वाला मी हसत नाही. ते तत्त्व मला पटते. माणसाने आपल्या कृत्याचे परिणाम भोगावेत, परिस्थिती हे कारण असू शकते पण सबब नव्हे, हे मला मान्य आहे. पण या तत्त्वाला दुसरी बाजू आहे आणि ती पहिलीइतकीच कडक आहे. माझ्या कृत्याला मी जबाबदार असेन तर शेजाऱ्याच्या कृत्याला मी जबाबदार नाही. माझ्यासारख्या दिसणाऱ्या दहा जणांनी चोरी केली तर अकरावा मी चोर होत नाही. जबाबदारी एकेकट्याची मोजायची आणि संशय मात्र घाऊक घ्यायचा, या दोन गोष्टी एका खात्यात नांदू शकत नाहीत. फर्ग्युसनमध्ये नेमक्या त्याच नांदत होत्या.

२०१२ च्या उन्हाळ्यातला एक प्रसंग अहवालात आहे. बत्तीस वर्षांचा एक काळा माणूस बागेत बास्केटबॉल खेळून आपल्या उभ्या गाडीत गार होत बसला होता. पोलिसाने मागे गाडी आडवी लावली, ओळखपत्र मागितले, बागेत मुले आहेत म्हणून त्याच्यावर मुलांच्या लैंगिक छळाचा आरोप केला, अंगझडती घेतली, मग गाडीची झडती घेऊ का म्हणून विचारले. त्याने राज्यघटनेचा हवाला देऊन नकार दिला. पिस्तूल रोखून अटक झाली आणि आठ गुन्हे लागले. त्यांत एक खोटी माहिती दिल्याचा: त्याने पूर्ण नावाऐवजी घरगुती नाव सांगितले होते, ‘मायकल’ऐवजी ‘माइक’ म्हणावे तसे. आणखी एक, पट्टा न लावल्याचा. गाडी उभी होती. या प्रकरणापायी त्याची सरकारी कंत्राटातली नोकरी गेली. नोकरी करणारा, खेळून आलेला, आपले हक्क ठाऊक असलेला माणूस. जबाबदार नागरिकाचे याहून चांगले चित्र कोणाला हवे असेल तर त्याने ते काढून दाखवावे.

मराठी वाचकाला घाऊक संशय समजावून सांगायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवले. सोलापूरला काटेरी तारांच्या आत माणसे हजेरीसाठी उभी केली. कायदा १९५२ मध्ये गेला. आजही गावात चोरी झाली की पोलिसांची जीप आधी पारध्यांच्या पालाकडे वळते, हे ग्रामीण भागात वाढलेल्या कोणालाही विचारा. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदाबद्दल निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाला विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानी अटक करू नका असे पोलिसांना बजावावे लागले. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! अशा देशात बसून ‘त्यांच्या समाजातच गुन्हेगारी आहे’ हे वाक्य आपण अमेरिकेतल्या काळ्यांबद्दल इतक्या सहज उच्चारतो याचे मला नवल वाटत नाही. वाक्य घरचेच आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक आंधळी जागा आहे, आणि ती मोठी आहे. अमेरिकेत खून होणाऱ्यांत निम्म्याहून जास्त माणसे काळी असतात, लोकसंख्येत वाटा मात्र तेराएक टक्क्यांचा. मारणारे बहुतेक वेळा त्याच वस्तीतले असतात. गोऱ्या उदारमतवादी प्राध्यापकाला हा विषय काढायचा संकोच वाटतो. शिकागोच्या दक्षिण भागातल्या काळ्या आजीला वाटत नाही. जबाबदारीची भाषा ही केवळ गोऱ्या उजव्यांनी शोधलेली नाही. काळ्या चर्चमध्ये ती दर रविवारी ऐकू येते. ओबामांनी २००८ च्या फादर्स डेला शिकागोच्या एका चर्चमध्ये मुलांना टाकून जाणाऱ्या बापांना सुनावले होते. १९८६ मध्ये क्रॅक कोकेनला कडक शिक्षा ठेवणारा कायदा झाला तेव्हा काँग्रेसमधल्या अनेक काळ्या सदस्यांनी त्याला पाठिंबा दिला, कारण त्यांच्याच मतदारसंघांत दारोदार क्रॅक विकले जात होते. त्या कायद्यात पाच ग्रॅम क्रॅकला जी किमान शिक्षा, तीच कोकेनच्या पाचशे ग्रॅम पांढऱ्या भुकटीला होती. क्रॅकपायी तुरुंगात गेलेले बहुतेक काळे होते, हे वेगळे सांगायला नको. २०१० मध्ये शंभराचे ते प्रमाण अठरावर आणले. बरोबरीवर नाही.

२०२० च्या उन्हाळ्यात, पोलिसांचा निधीच बंद करा अशी मागणी जोरात असताना, गॅलप संस्थेने काळ्या अमेरिकनांना विचारले की तुमच्या भागात पोलीस किती असावेत. ८१ टक्क्यांनी सांगितले, आहेत तेवढे किंवा जास्त. पोलीस आपल्याशी सभ्यपणे वागतील याची पुरती खात्री मात्र त्यांतल्या पाचांत एकालाही नव्हती. या दोन आकड्यांत मला विसंगती दिसत नाही. त्यांना पोलीस हवे आहेत, पण खुनाचा छडा लावणारे. गवत मोजणारे नव्हेत. अमेरिकेत अलीकडच्या वर्षांत जवळजवळ निम्म्या खुनांचा तपास लागलेला नाही, आणि मेलेला काळा असला की तो आणखी कमी लागतो. ज्याच्या भावाचा खुनी मोकळा फिरतो त्याच्याच गाडीचा मागचा दिवा फुटलाय म्हणून पोलीस थांबवतात. मिनियापोलिसमध्ये २०२१ साली पोलीस खाते मोडून दुसरे काही उभारावे का, यावर मतदान झाले आणि ५६ टक्क्यांनी नको म्हटले. जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला त्याच शहरात. निधी बंद करण्याची घोषणा ज्यांनी दिली त्यांना आपण कोणाच्या वतीने बोलतो आहोत हे विचारायला कोणी गेलेच नव्हते.

फ्लॉइडचा विषय निघाला आहे तर जबाबदारीचा हिशेब तिथेही करू. २५ मे २०२० ला वीस डॉलरची नोट बनावट असल्याच्या तक्रारीवरून पोलीस आले. डेरेक शॉविन या पोलिसाचा गुडघा फ्लॉइडच्या मानेवर ९ मिनिटे २९ सेकंद होता. त्या रात्री मिनियापोलिस पोलिसांनी काढलेल्या निवेदनाचे शीर्षक होते: पोलिसांशी संपर्कादरम्यान वैद्यकीय कारणाने एका माणसाचा मृत्यू. निवेदनात गुडघा नव्हता. रस्त्यावर उभ्या एका शाळकरी मुलीने फोनवर चित्रण केले नसते तर ते निवेदन आजही खरे असते. शॉविनविरुद्ध आधी डझनाहून जास्त तक्रारी झालेल्या होत्या, आणि तो नव्या पोलिसांना कामाचे धडे देत होता. पुढे त्याला साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. पण असा शेवट होतो तो क्वचित, म्हणून तो आपल्या लक्षात राहतो. फ्लॉइडच्या कुटुंबाला शहराने २ कोटी ७० लाख डॉलर भरपाई दिली. शहराने म्हणजे करदात्यांनी, ज्यांत फ्लॉइडचे शेजारीही आले.

जोआना श्वार्ट्झ या कायद्याच्या प्राध्यापिकेने २००६ ते २०११ या काळातल्या अशा भरपायांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. देशातल्या ४४ मोठ्या पोलीस खात्यांत लोकांना मिळालेल्या ७३ कोटींहून जास्त डॉलरपैकी पोलिसांनी स्वतःच्या खिशातून भरले ०.०२ टक्के. बाईच्या १५१ डॉलरचे हजार होतात आणि ते तिनेच भरायचे. पोलिसाच्या चुकीचे कोटी होतात आणि ते सगळ्यांनी भरायचे. त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९६७ पासून निकालांमागून निकाल देत उभारलेले संरक्षण आहे: अगदी तशाच प्रकरणात आधी कोणी दोषी ठरलेला नसेल तर बहुधा पोलिसावर दिवाणी दावाच चालत नाही. वैयक्तिक जबाबदारीवर श्रद्धा असणाऱ्या रिपब्लिकन पक्षाने हे संरक्षण काढायची मागणी सर्वांत आधी करायला हवी होती. तो पक्ष त्याचा सर्वांत कडवा पाठीराखा आहे. पोलिसांचे काम जोखमीचे आहे, क्षणात निर्णय घ्यावे लागतात, प्रत्येक निर्णयाला घरदार पणाला लागले तर कोणी नोकरीच करणार नाही, हा युक्तिवाद मी ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे. पण मग परिस्थिती पाहून माणसाला सवलत द्यावी, हे तत्त्व तुम्ही मान्य केलेत. आता ती सवलत फक्त गणवेशाला का, एवढेच सांगा.

रोलँड फ्रायर या हार्वर्डच्या कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञाने २०१६ मध्ये केलेला अभ्यास या वादात दोन्ही बाजूंना त्रास देतो. पोलिसांच्या गोळीबारात त्याला वांशिक फरक सापडला नाही, आणि तो स्वतःच म्हणाला की आपल्याला याचे आश्चर्य वाटले. ढकलणे, बेड्या घालणे, गाडीवर दाबून धरणे अशा खालच्या पातळीच्या बळात मात्र काळ्यांच्या वाट्याला हे येण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा पन्नास टक्क्यांहून अधिक प्रमाणात जास्त निघाली. या अभ्यासाच्या पद्धतीवर बरीच टीका झाली आहे. तरी मला त्याचा रोख फर्ग्युसनशी जुळतो असे वाटते. मृत्यू टीव्हीवर येतात. रोजची पावती, रोजची झडती, रोजचे ‘खाली उतर’ येत नाही, आणि माणसाचा कायद्यावरचा विश्वास संपतो तो त्या रोजच्यात.

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांबद्दलही थोडे. न्यू जर्सीपासून कॅलिफोर्नियापर्यंत मराठी मंडळींच्या गप्पांत हा विषय निघाला की सूर ठरलेला असतो: आम्ही नाही का दोन बॅगा घेऊन आलो, आम्हाला कोणी अडवले? बॅगांमध्ये आयआयटीची पदवी आणि कंपनीचा व्हिसा होता, हा तपशील गळतो. शिवाय १९६५ च्या ज्या स्थलांतर कायद्याने आपल्याला दार उघडले तो नागरी हक्क चळवळीच्या लाटेवर आला. दाराला खांदा काळ्यांनी लावला होता. फेब्रुवारी २०१५ मध्ये, फर्ग्युसनचे अहवाल यायच्या महिनाभर आधी, अलाबामातल्या मॅडिसन गावात एक ५७ वर्षांचे गुजराती गृहस्थ मुलाच्या घराबाहेर सकाळी फेरफटका मारत होते. नातवाला सांभाळायला आलेले, इंग्रजी न येणारे. एका शेजाऱ्याने पोलिसांना फोन केला की एक किडकिडीत काळा माणूस घरांभोवती घुटमळतो आहे. पोलिसाने त्यांना उचलून जमिनीवर आपटले; मानेला मार बसून त्यांना अंशतः पक्षाघात झाला. खटल्यात ज्यूरीचे दोनदा एकमत झाले नाही आणि न्यायाधीशांनी पोलिसाला निर्दोष सोडले. भरपाईचे साडेसतरा लाख डॉलर सहा वर्षांनी मिळाले. तेव्हा आपल्यातले बरेच जण हळहळले की ओळखण्यात चूक झाली. ओळखण्यात चूक झाली नसती, तो माणूस खरोखर काळा असता, तर त्याला आपटणे बरोबर ठरले असते का, हा प्रश्न मी एकदोघांना विचारला. विषय बदलला गेला.

फर्ग्युसनमध्ये पुढे काय झाले? अहवालानंतर आठवडाभरात न्यायाधीश, गावाचे प्रशासक आणि पोलीस प्रमुख पायउतार झाले. २०१६ मध्ये केंद्र सरकारशी सुधारणांचा करार झाला. नगरांनी दंडांवर किती जगावे याची मर्यादा मिझुरीने आणखी घट्ट केली. आंदोलनाच्या लाटेवर वेस्ली बेल हा काळा वकील आधी नगरसेवक आणि २०१८ मध्ये काउंटीचा मुख्य सरकारी वकील झाला. ज्या माणसाने विल्सनवर आरोपपत्र येऊ दिले नाही असे आंदोलकांचे म्हणणे होते, त्यालाच हरवून. बेलने ब्राउनचे प्रकरण गाजावाजा न करता पुन्हा उघडले, पाच महिने तपासले आणि जुलै २०२० मध्ये, फ्लॉइडनंतर देश पेटलेला असताना, जाहीर केले की विल्सनवर खून किंवा मनुष्यवधाचा आरोप सिद्ध करता येईल असा पुरावा नाही. त्याच्या समर्थकांनी त्याला शिव्या दिल्या. मला तो या सगळ्या कथेतला वैयक्तिक जबाबदारीचा अर्थ कळलेला दुर्मीळ माणूस वाटतो. एका पोलिसाचा दोष त्याने त्या पोलिसाच्या पुराव्यावर तोलला. खात्याची पापे त्याच्या खात्यावर घातली नाहीत. काळ्या चालकाला हवे असते ते एवढेच.

मे २०२५ मध्ये, फ्लॉइडच्या मृत्यूच्या पाचव्या वर्षदिनाच्या चार दिवस आधी, ट्रम्प सरकारच्या न्याय खात्याने मिनियापोलिस आणि लुईव्हिल इथल्या पोलीस सुधारणांचे दावे मागे घेतले, आणि आणखी काही शहरांबद्दलचे आधीचे निष्कर्षही. स्थानिक पोलिसांवर वॉशिंग्टनने पाळत ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे अशा चौकश्या आता निदान काही वर्षे व्हायच्या नाहीत, आणि गवताच्या पावत्या पुढे कोणी मोजणारही नाही.

फर्ग्युसनच्या पावत्यांचा हिशेब मात्र एका वेगळ्या खटल्यात लागला. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून ज्यांना तिथे कोठडीत टाकले गेले अशा लोकांचा सामूहिक दावा नऊ वर्षे चालला. २०२४ मध्ये गावाने ४५ लाख डॉलर देऊन तो मिटवला. दावेदार १५,००० हून जास्त. वकिलांची फी धरून सरासरी माणशी तीनशे डॉलर. तडजोडीत गावाने आपली चूक कबूल केलेली नाही.